ज्या शर्यतीला जाताना एकुलता मुलगा गेला, ती शर्यत त्याच आठवड्यात जिंकणाऱ्या जॅग्वारच्या मालकाची गोष्ट

नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत चाकणकडे निघालं की ट्रॅफिकमध्ये अडकायला होतंच. अडकलात की जरा शेजारी बघा. नव्याकोऱ्या गाड्या लादलेला एखादा लांबलचक ट्रेलर हमखास उभा असतो.

हा सगळा पट्टाच गाड्यांचा. चाकणला २००९ पासून मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे. त्याच्याही आधी, १९९५ मध्ये मर्सिडीजची ई-क्लास भारतात पहिल्यांदा जोडली गेली ती पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. याच टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, २००८ मध्ये इंग्लंडची जॅग्वार विकत घेतली आणि २०१३ पासून जॅग्वारची एक्सएफ पुण्यातच जोडली जाऊ लागली.

थोडक्यात काय, तर मर्सिडीज आणि जॅग्वार एकमेकांचे शेजारी झाले. मधे अंतर फार तर वीस-पंचवीस किलोमीटर.

पण ११ जून १९५५ च्या संध्याकाळी हे दोघं याच्यापेक्षा कितीतरी जवळ होते. फ्रान्समध्ये एका शर्यतीत जॅग्वारची गाडी पुढं होती, मर्सिडीजची मागं. पुढच्या काही सेकंदांत जे घडलं त्यात ८० हून जास्त माणसं गेली. मर्सिडीज शर्यत सोडून निघून गेली. जॅग्वार थांबली आणि जिंकली.

जॅग्वारचा मालक मात्र त्या विजयाचा आनंद घेण्याच्या परिस्थितीतच नव्हता. काही दिवसांपूर्वीच त्याचा एकुलता एक मुलगा याच शर्यतीला जाताना रस्त्यात अपघातात गेला होता.

त्या मालकाचं नाव विल्यम लायन्स.

साईडकारवाला पोरगा

इंग्लंडमध्ये ब्लॅकपूल नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. सुट्टीत लोकांनी यायचं, चौपाटीवर फिरायचं, मजा करायची, असं गाव. तिथं ४ सप्टेंबर १९०१ ला विल्यमचा जन्म झाला. वडील आयर्लंडहून आलेले, पियानो आणि इतर वाद्यांचा धंदा करणारे. घर खाऊनपिऊन सुखी.

पोराला वाद्यांपेक्षा इंजिनाचा आवाज जास्त आवडायचा. शाळा संपल्यावर मँचेस्टरच्या क्रॉसली मोटर्समध्ये अप्रेंटिस म्हणून लागला. तिथं फार रमला नाही. मग गावी परत येऊन गाड्यांच्या एका शोरूममध्ये विक्रीचं काम करू लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण हा माणूस आयुष्यभर आधी विक्रेता होता आणि मग बाकी सगळं.

१९२१ च्या सुमारास शेजारी विल्यम वॉल्म्सली नावाचा तरुण राहायला आला. तो घराच्या आवारात मोटरसायकलला जोडायच्या साईडकार बनवायचा. शोलेतल्या जय-वीरूच्या गाडीला होती तशी, पण दिसायला जास्त देखणी, ॲल्युमिनियमची, विमानाच्या पुढच्या भागासारखी निमुळती. वॉल्म्सलीचं आपलं निवांत चाललं होतं. विल्यमनं साईडकार विकत घेतली आणि त्याच्या डोक्यात आलं की हा माल हजारोंनी खपेल.

दोघांच्या वडिलांनी बँकेत हमी दिली, १००० पौंडांचा ओव्हरड्राफ्ट मिळाला आणि विल्यमला २१ वर्षं पूर्ण झाली तेव्हा, सप्टेंबर १९२२ मध्ये, स्वॅलो साईडकार कंपनी सुरू झाली.

पुढची पायरी म्हणजे गाडी. पण गाडी बनवायला इंजिन लागतं, चॅसिस लागते, भांडवल लागतं. यातलं काहीच नव्हतं. मग १९२७ मध्ये त्यांनी एक शक्कल लढवली. त्या काळात ऑस्टिन सेव्हन नावाची छोटी स्वस्त गाडी इंग्लंडभर विकली जायची. तिची नुसती चॅसिस आणायची आणि वर आपली देखणी, दोन रंगांची बॉडी चढवायची. गाडीचा आत्मा तोच, कपडे मात्र साहेबी.

लंडनच्या एका मोठ्या डीलरनं ही गाडी पाहिली आणि ५०० गाड्यांची ऑर्डर दिली, आठवड्याला २०. ब्लॅकपूलच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा दिवसाला जेमतेम दोन गाड्या निघायच्या. बॉडी तयार होईनात आणि ऑस्टिनच्या चॅसिस मात्र रेल्वेनं येतच राहिल्या. त्या इतक्या साठल्या की स्टेशनमास्तर वैतागला.

शेवटी १९२८ मध्ये लायन्स यांनी बिऱ्हाड हलवलं आणि कॉव्हेंट्री गाठलं. कॉव्हेंट्री म्हणजे तेव्हाचं इंग्लंडचं पिंपरी-चिंचवड म्हणा ना. गल्लोगल्ली वर्कशॉप, हवा तो सुटा भाग हाकेच्या अंतरावर, हात चालणारे कारागीर.

स्वस्तात महागाची गाडी

लायन्स इंजिनिअर नव्हते. चित्रकारही नव्हते. मग या गाड्या इतक्या देखण्या कशा झाल्या?

त्यांची पद्धत वेगळी होती. कागदावर रेषा मारण्याऐवजी ते पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरांना सोबत घेऊन उभे राहायचे. खऱ्या मापाचा नमुना पत्र्यात घडवून घ्यायचा, लांबून बघायचा, इथं थोडं दाब, तिथं थोडं उचल असं करत राहायचं. पुढं पुढं तर ते नमुने आपल्या घराच्या आवारात नेऊन ठेवायचे. गाडी गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहिल्यावर कशी दिसेल, ते तिथल्या उजेडात बघायचं.

१९३१ मध्ये एसएस-१ आली. लांब बॉनेट, बसकं छप्पर. गाडी हजार पौंडांची वाटायची, किंमत होती ३१०. या गाडीचा एक किस्सा आहे. गाडी पूर्ण होत होती तेव्हा लायन्स अपेंडिक्सच्या दुखण्यानं हॉस्पिटलात होते. मागं वॉल्म्सली यांनी माणसांना नीट बसता यावं म्हणून छप्पर थोडं उंच केलं. परत आल्यावर लायन्स यांना ते बघवेना. बसणाऱ्याची सोय आणि गाडीचं रूप यात त्यांचं माप कुठं झुकायचं, ते यावरून कळतं. पुढं १९३४ च्या अखेरीस वॉल्म्सली बाजूला झाले आणि कंपनी लायन्स यांची एकट्याची झाली.

१९३५ मध्ये नवं मॉडेल आलं आणि त्याला नाव मिळालं जॅग्वार. लंडनच्या मेफेअर हॉटेलात डीलर आणि पत्रकारांना जेवायला बोलावलं, गाडी दाखवली आणि प्रत्येकाला किंमत ओळखायला सांगितली. सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी आली ६३२ पौंड. खरी किंमत होती ३८५.

लायन्स यांचा सगळा धंदा या दोन आकड्यांच्या मधल्या फरकावर उभा होता. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आपण लुटून आणलं.

मग महायुद्ध आलं. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढलं. गाड्यांचं उत्पादन बंद होतं, कारखान्यात विमानांचे भाग दुरुस्त व्हायचे. रात्री आळीपाळीनं कारखान्यावर पहारा द्यावा लागायचा, बॉम्ब पडून आग लागली तर विझवायला. लायन्स यांनी पहाऱ्याच्या पाळ्या अशा लावल्या की बिल हेन्स, वॉल्टर हॅसन, क्लॉड बेली हे इंजिनिअर एकत्रच येतील. जागरण करायचंच आहे तर बसून नव्या इंजिनाचा विचार करा. त्या रात्रींच्या चर्चेतून जे इंजिन तयार झालं ते एक्सके. ते पुढं चाळीसेक वर्षं चाललं.

युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, कंपनीचं नाव बदललं. एसएस या दोन अक्षरांना हिटलरच्या दलामुळं जो वास लागला होता, तो घेऊन गाड्या विकणं शक्यच नव्हतं. आता नाव झालं जॅग्वार कार्स.

शर्यत कशाला?

युद्धानंतर इंग्लंड कर्जात बुडालं होतं. पोलाद रेशनवर. सरकारचा हिशोब सरळ होता, जो माल परदेशात विकून डॉलर आणेल त्याला पोलाद. म्हणजे लायन्स यांना गाड्या बनवायच्या असतील तर त्या आधी अमेरिकेत खपल्या पाहिजेत. आणि अमेरिकेत जॅग्वारला कोण ओळखत होतं? कुणीच नाही.

१९४८ च्या लंडन मोटर शोमध्ये त्यांनी एक्सके-१२० ठेवली. १२० म्हणजे ताशी १२० मैल, साधारण १९३ किलोमीटर. लोकांचा विश्वास बसेना. मे १९४९ मध्ये पत्रकारांना बेल्जियममध्ये नेलं आणि एका सरळसोट रस्त्यावर गाडी पळवून दाखवली. १३२ मैलांच्या वर गेली. थोड्याच गाड्या बनवायचा बेत होता, ऑर्डरी इतक्या आल्या की हातानं ॲल्युमिनियम ठोकून बॉडी बनवणं सोडून पोलादाचे साचे करावे लागले. हॉलिवूडच्या क्लार्क गेबलनंही ही गाडी घेतली.

तरी एक शंका उरतेच. सरळ रस्त्यावर दोन मिनिटं पळणारी गाडी टिकते किती?

इथं ले मान्स येतं. फ्रेंच लोक याला ल माँ म्हणतात. १९२३ पासून इथं २४ तासांची शर्यत होते. साध्या शर्यतीत ठरावीक फेऱ्या आधी पूर्ण करणारा जिंकतो. इथं वेळ ठरलेली, शनिवारी दुपारी ४ ते रविवारी दुपारी ४, आणि एवढ्या वेळात सगळ्यात जास्त अंतर कापणारा जिंकतो. त्या काळी एका गाडीवर दोन ड्रायव्हर, आळीपाळीनं. ट्रॅक साडेतेरा किलोमीटरच्या आसपास आणि त्यातला बराचसा भाग म्हणजे एरवी लोकांच्या वापरातले रस्ते. रात्र, पाऊस, धुकं सगळं सोसायचं. बल्ब उडाला, क्लच गेला, तेलाची नळी फुटली की खेळ खल्लास.

कारखान्यात काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. नव्या गाडीची एन्ड्युरन्स टेस्ट असते ना, तीच, फक्त लाखो लोकांसमोर आणि दुसऱ्या दिवशी पेपरात निकाल छापून येणार.

लायन्स यांना नेमकं हेच हवं होतं. इटलीच्या एन्झो फेरारींचं उलटं होतं. त्यांना शर्यतीचं वेड, त्या खर्चासाठी ते गाड्या विकायचे. लायन्स गाड्या विकायच्या म्हणून शर्यतीत उतरले. १९५३ पासून स्पोर्ट्स कारची जागतिक स्पर्धा सुरू झाली, वर्षभर देशोदेशी शर्यती. जॅग्वारनं सगळा जोर मात्र ले मान्सवरच लावला. जी शर्यत अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला माहीत आहे, तिच्यावरच पैसा घालायचा.

१९५० मध्ये तीन एक्सके-१२० चाचपणी म्हणून तिथं धावल्या. एक गाडी पुढच्या गाड्यांमध्ये होती आणि शेवटचे काही तास उरले असताना क्लच गेला. पण हेन्स आणि टीमचे मॅनेजर लॉफ्टी इंग्लंड यांना दिसायचं ते दिसलं. इंजिन टिकतंय, गाडी हलकी करा.

१९५१ मध्ये सी-टाईप आली. आत तेच इंजिन, वर माल्कम सेयर यांनी केलेली नवी बॉडी. सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेले. हवा गाडीवरून कशी सरकते याचं ते गणित मांडायचे. तीन गाड्या उतरल्या, दोन तेलाच्या नळीनं दगा दिल्यामुळं बाद झाल्या. तिसरी पीटर वॉकर आणि पीटर व्हाईटहेड यांनी पहिली आणली. १९३५ नंतर पहिल्यांदाच ब्रिटिश गाडी ले मान्स जिंकली होती.

पुढच्या वर्षी आपटी खाल्ली, आणि ती मर्सिडीजच्या धास्तीनं. इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत मर्सिडीजच्या नव्या ३००-एसएलचा वेग पाहून स्टर्लिंग मॉस या जॅग्वारच्या ड्रायव्हरनं लायन्स यांना तार केली की आपल्याला आणखी वेग हवा. घाईघाईत गाड्यांची नाकं बदलली. त्यानं इंजिनाला थंड हवा मिळेना. तिन्ही गाड्या तापून सुरुवातीलाच बाद, आणि मर्सिडीज पहिली आणि दुसरी. लायन्स यांच्यासारख्या हिशोबी माणसानं दुसऱ्याच्या गाडीकडं बघून घेतलेला हा निर्णय होता.

१९५३ ला मात्र त्यांनी असं काही आणलं, जे आज तुमच्या पल्सरच्या पुढच्या चाकावर आहे. डिस्क ब्रेक.

तोपर्यंत सगळे ड्रम ब्रेकवर. ड्रमच्या आत शू घासले जातात, उष्णता आतच कोंडते, आणि सारखे ब्रेक मारले की पकड सुटत जाते. घाटात उतरताना जुन्या ट्रकचे ब्रेक लागेनासे व्हायचे ते यामुळंच. ले मान्सला जवळपास ६ किलोमीटरचा एक सरळ रस्ता होता. तिथं गाडी ताशी २४० च्या आसपास जायची आणि शेवटी जवळजवळ काटकोनात वळायची. २४ तासांत हे तीनशे वेळा करायचं. डनलॉप कंपनीनं विमानांसाठी बनवलेले डिस्क ब्रेक जॅग्वारनं गाडीवर आणले. डिस्क उघडी, हवा लागते, लवकर थंड होते. बाकीचे ड्रायव्हर जिथं घाबरून पाय उचलायचे, तिथून जॅग्वारवाले आणखी पुढं जाऊन ब्रेक मारायचे.

टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले. २४ तासांची सरासरी ताशी १७० किलोमीटर, थांबे धरून. दुसरा आणि चौथा नंबरही जॅग्वारचाच. रोल्ट-हॅमिल्टन आदल्या रात्रभर पीत बसले होते, असा एक किस्सा हॅमिल्टननं पुढं रंगवून सांगितला. लॉफ्टी इंग्लंड यांनी तो साफ नाकारला. किस्सा झकास आहे, पण २४ तासांची गाडी कोण बेवड्याच्या हातात देईल?

१९५४ मध्ये नवी डी-टाईप थोडक्यात हरली, फेरारीकडून. मग आलं १९५५.

जून १९५५

लायन्स यांना तीन मुलं. पॅट, मेरी आणि जॉन. पॅट तर नवऱ्याच्या, म्हणजे इयान ॲपलयार्डच्या शेजारी नकाशा घेऊन बसायची आणि दोघं एक्सके-१२० मधून रॅली जिंकायचे. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणं कंपनीचा वारस म्हणून सगळे बघत होते ते जॉनकडं.

जून महिन्याच्या सुरुवातीला जॉन ले मान्सला निघाला. बोटीनं समुद्र ओलांडून फ्रान्सला उतरला आणि जॅग्वार घेऊन पुढं निघाला. वाटेत शेरबोर्ग भागात अमेरिकन लष्कराच्या गाडीशी त्याची टक्कर झाली. जॉन गेला.

टीम तरीही ले मान्सला पोचली. ११ जूनला दुपारी ४ वाजता शर्यत सुरू झाली. जॅग्वारच्या डी-टाईपवर माईक हॉथॉर्न, मर्सिडीजच्या ३००-एसएलआरवर हुआन मॅन्युएल फँगिओ. २४ तासांची शर्यत आहे हे विसरून दोघं सुरुवातीपासून असे भिडले की जणू तासाभराचाच मामला आहे.

साडेसहाच्या सुमारास हॉथॉर्नला पेट्रोलसाठी पिटमध्ये यायचं होतं. आज पिटसाठी वेगळी लेन असते, मधे भिंत असते. तेव्हा यातलं काही नव्हतं. ट्रॅकच्याच कडेला पिट, आणि समोरच्या बाजूला मातीच्या बांधापलीकडं खेटून उभी असलेली गर्दी. हॉथॉर्ननं लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मागं टाकलं, उजवीकडं घेतलं आणि जोरात ब्रेक मारले. मॅकलिन धडक टाळायला डावीकडं वळला. डावीकडून मर्सिडीज घेऊन पियेर लेव्हे येत होता, ताशी दोनशेच्या वर वेगात. त्याची गाडी हीलीच्या मागच्या भागावर चढली, हवेत उडाली आणि बांधावर आदळून फुटली. इंजिन, बॉनेट आणि पुढचा एक्सल सुटून गर्दीत घुसले. बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती, ती पेटली.

लेव्हे आणि ८० हून जास्त प्रेक्षक गेले. मोटर शर्यतींच्या इतिहासातला आजवरचा सगळ्यात भयंकर अपघात तो हाच.

शर्यत थांबवली नाही. आयोजकांचं म्हणणं पडलं की लाखो लोक एकदम घरी निघाले तर रस्ते तुंबतील आणि रुग्णवाहिका अडकतील. यात तथ्य होतंच. पण त्यामुळं झालं असं की एका बाजूला स्ट्रेचर चालले होते आणि दुसऱ्या बाजूला गाड्या घोंगावत होत्या.

मर्सिडीजच्या लोकांनी श्टुटगार्टला फोन लावले. मध्यरात्र उलटल्यावर, पहाटे दोनच्या आत, निर्णय आला की माघार घ्या. तेव्हा मर्सिडीजचीच गाडी पहिली होती. युद्ध संपून दहाच वर्षं झालेली, फ्रान्सच्या मातीत जर्मन गाडीनं माणसं मारलेली, याचं भान त्यांना होतं. जाताना त्यांनी जॅग्वारलाही विचारलं, तुम्हीही थांबता का. लॉफ्टी इंग्लंड यांनी नकार दिला.

इंग्लंड यांचा विचार असा होता की आपल्या ड्रायव्हरची चूक नाही, आणि आता बाहेर पडलो तर चूक कबूल केल्यासारखं होईल. पुढं चौकशीत कुणाही ड्रायव्हरवर ठपका आला नाही, दोष ट्रॅकच्या रचनेवर आला. म्हणजे कागदावर इंग्लंड बरोबर ठरले. तरी ज्या रात्री सात-आठ डझन घरं उद्ध्वस्त झाली, त्या रात्री पहिला नंबर धरून ठेवण्यासारखं काय होतं, हा प्रश्न सत्तर वर्षांनीही लोक विचारतातच.

१२ जूनला दुपारी हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब यांची जॅग्वार पहिली आली. जिंकल्यावर शॅम्पेनसोबत हसणाऱ्या हॉथॉर्नचा फोटो फ्रेंच पेपरात आला आणि लोक भडकले.

विल्यम लायन्स यांच्यासाठी ही तिसरी ले मान्स होती. मुलगा जाऊन आठवडासुद्धा उलटला नसेल. आपल्या टीमला त्यांनी शर्यतीला जाऊ दिलं, हे धंद्याचं शिस्तबद्ध डोकं म्हणायचं की दुःख न दाखवणाऱ्या पिढीचा बाप म्हणायचा? मुळात ते बोलायला तुसडे आणि औपचारिक. वर्षानुवर्षं सोबत काम करणाऱ्यांनाही आडनावानंच हाक मारायचे. अशा माणसाच्या मनात काय चाललंय, ते कुणाला कळणार.

मर्सिडीजनं त्या वर्षाअखेरीस शर्यतींना रामराम केला. स्वित्झर्लंडनं तर देशात ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदीच घातली, ती अनेक दशकं टिकली. ले मान्सला पिट आणि प्रेक्षकांची जागा पाडून नव्यानं बांधली. १९५६ ची शर्यत त्यामुळं जूनऐवजी जुलैअखेरीस झाली.

वारस नसलेली कंपनी

१९५६ मध्ये लायन्स यांना सर ही पदवी मिळाली. राणी कारखाना बघायला आली. त्याच वर्षी जॅग्वारनं स्वतःची टीम शर्यतीतून काढून घेतली. पण गाड्या धावतच होत्या. स्कॉटलंडच्या एकुरी एकॉस या खासगी टीमनं डी-टाईप घेऊन १९५६ आणि १९५७ अशी दोन्ही वर्षं ले मान्स जिंकली. १९५७ मध्ये तर पहिले चारही नंबर जॅग्वारचे.

त्या फेब्रुवारीत कारखान्याला भीषण आग लागली होती. अर्ध्याअधिक तयार झालेल्या गाड्या जळून गेल्या. कामगारांनी राख उपसली आणि काही दिवसांत लाईन पुन्हा चालू केली.

१९६१ मध्ये जिनिव्हाला ई-टाईप आली. डी-टाईपचाच वारसा, सेयर यांचंच गणित, चारही चाकांना डिस्क. किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर. त्या वेगाच्या इटालियन गाड्या याच्या दुपटीनं वगैरे मिळायच्या. मेफेअर हॉटेलातला जुना डाव, २६ वर्षांनी पुन्हा तसाच लागू पडला.

पण लायन्स आता साठीत होते आणि गादीवर बसवायला कुणी नव्हतं. त्यात १९६५ मध्ये एक घोळ झाला. जॅग्वारच्या बॉडी प्रेस्ड स्टील ही कंपनी बनवून द्यायची. ती ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं, म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिसच्या मालकांनी, विकत घेतली. भोसरीतल्या कुठल्याही छोट्या उद्योजकाला विचारा, आपला मुख्य व्हेंडर स्पर्धकाच्या खिशात गेला तर काय होतं.

१९६६ मध्ये लायन्स यांनी जॅग्वार त्याच कंपनीत विलीन केली. मतांचा बहुतांश हक्क त्यांच्याच हातात होता, त्यामुळं सही केली की विषय संपला. योगायोग असा की त्याच १९६६ मध्ये टेल्को पुण्यात पाय रोवत होती. पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहायला सुरुवात झाली होती.

कॉव्हेंट्रीत मात्र उतरण लागली. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड नावाचा भला मोठा डोलारा तयार झाला आणि जॅग्वार त्यातला एक कोपरा झाली. त्याच वर्षी आलेली एक्सजे-६ ही लायन्स यांची शेवटची गाडी. १९७२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर बसले लॉफ्टी इंग्लंड, तेच, १९५५ च्या रात्री नाही म्हणणारे. दोनच वर्षांत तेही गेले. मग संप, खराब रंग, बंद पडणाऱ्या गाड्या, सरकारीकरण. हे सगळं लायन्स घरी बसून बघत होते.

१९८० मध्ये जॉन ईगन नावाचे नवे प्रमुख आले. त्यांनी आधी दर्जा सुधारला आणि म्हाताऱ्या लायन्स यांच्याकडं सल्ल्यालाही जाऊ लागले. १९८४ मध्ये जॅग्वार सरकारच्या हातून सुटून पुन्हा स्वतंत्र झाली. सर विल्यम लायन्स यांनी ते पाहिलं. ८ फेब्रुवारी १९८५ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते गेले.

तीन वर्षांनी, १९८८ मध्ये, जांभळ्या-पांढऱ्या रंगातली जॅग्वार एक्सजेआर-९ ले मान्सला उतरली. पोर्शं त्याआधीची सलग सात वर्षं जिंकत आली होती. शेवटच्या टप्प्यात जॅग्वारचा गिअरबॉक्स आतून तुटायला आला. यान लामर्स या ड्रायव्हरनं ओळखलं की आता गिअर बदलला तर सगळंच हातात येईल. त्यानं गाडी चौथ्यातच ठेवली आणि तशीच शेवटापर्यंत रेटली. २४ तासांनंतर पहिली जॅग्वार आणि दुसरी पोर्शं एकाच फेरीत होत्या. जॅग्वार ३१ वर्षांनी जिंकली. पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, साऊबर टीमसोबत परतलेली मर्सिडीज जिंकली. १९९० ला पुन्हा जॅग्वार, सातव्यांदा.

तोवर कंपनी फोर्डनं घेतली होती. फोर्डला ती परवडेना, मग २००८ मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरला टाटांकडं आल्या. २०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हरच्या फ्रीलँडरची जोडणी सुरू झाली आणि दोन वर्षांनी एक्सएफची. सुटे भाग इंग्लंडहून पेट्यांमधून यायचे, इथं जोडले जायचे. तयार गाडी आयात केली तर जबर कर, सुटे भाग आणून जोडले तर कमी, म्हणून हा खटाटोप. एक्सएफची किंमत त्यामुळं खाली आली. जोडणी होत होती टाटा मोटर्सच्या कारखान्यात, आणि १९५५ च्या त्या रात्री माघार घेणाऱ्या मर्सिडीजच्या गाड्या तेव्हा तयार होत होत्या चाकणला, त्याच पट्ट्यात.